मामीचं पुस्तक रवाना झालं त्याची हकीकत

चि. बारक्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

(तू आता सहा फूट झालास आणि बारक्या म्हटलं की सूनबाई तोंडावर पदर धरून हसते, हे मला ठाऊक आहे. पण शाळेच्या दाखल्यावरचं तुझं नाव वर लिहिलं की मला आपोआप खाली 'आपला विश्वासू' लिहावंसं वाटतं, म्हणून बारक्याच बरं.)

तुझी पाठदुखी कशी आहे? सूनबाईचा खोकला गेला का? माझी बहीण, म्हणजे तुझी आई, अजून चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधते का? सगळं सविस्तर कळव. आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. त्यातली मामी खरोखरच मजेत आहे, कारण तिला अजून काही कळलेलं नाही. मी मात्र गेले सोळा दिवस हबकलेलो आहे. घास हातात राहतो, चहावर साय धरते, परवा तर ऑफिसला दोन वेगवेगळ्या चपला घालून गेलो आणि दुपारपर्यंत कुणी सांगितलं नाही. (इतक्या वर्षांच्या नोकरीत सहकाऱ्यांनी आपल्या पायांकडेही पाहू नये, याचंही वाईट वाटलं.)

मागल्या आठवड्यात मी तुला फोन करून आमच्या खात्यातल्या एका मित्राची गोष्ट सांगितली होती. त्याने कॉम्प्युटरवरून पेन ड्राइव्हवर काहीतरी उतरवलं, पेन ड्राइव्ह उपसला, आणि मग मूळ मजकूर पुसून टाकला. तू खदखदून हसलास आणि असा महाभाग कोण आहे म्हणून विचारलंस. बारक्या, तो मित्र मी. आणि ते काहीतरी म्हणजे तुझ्या मामीचं पुस्तक. हुश्श. सोळा दिवसांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

पुस्तक तुला माहीत आहेच. मामी बाहेरच्या खोलीत शिवणाचा क्लास घ्यायला लागली तेव्हापासूनचं तिचं म्हणणं होतं की, कापड बेतायला शिकवणारी सगळी पुस्तकं अशा माणसांनी लिहिली आहेत ज्यांनी आयुष्यात एक उशीचा अभ्रासुद्धा शिवला नसेल. मग तीच बसली लिहायला. अकरा वर्षं, बारक्या. तेवीस धडे. मुंढा, बाही, कॉलर, अस्तर, काजं, झालंच तर बिघडलेलं कसं निस्तरायचं यावर स्वतंत्र धडा. साडेचारशे आकृत्या तिने हाताने काढल्या आणि एकेक करून स्कॅन केल्या. रोज संध्याकाळी लिहिलेलं मला वाचून दाखवायची. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून हूं हूं म्हणायचो. शेवटी एक प्रकाशक भेटला. त्याला सगळं पुस्तक पेन ड्राइव्हवर घालून नेऊन द्यायचं, एवढंच काम राहिलं. मामीला क्लास होता, मी मोकळा होतो. मी म्हटलं, दे इकडे, एकतीस वर्षं मी दुसरं काय करतोय?

ती छातीठोक भाषा ऐकून मामीने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं होतं, हे आता आठवतं.

तुला आमच्या जावक विभागाची पद्धत ठाऊक नाही, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. (मामी म्हणते मी कुठलीही गोष्ट जावक विभागापासून सुरू करतो. असू दे.) आमच्याकडे पत्र आलं की मी वहीत त्याचा नंबर घालतो, त्यावर 'रवाना' असा शिक्का मारतो आणि पत्र ट्रेमध्ये टाकतो. आणून देणाऱ्याला मान हलवून सांगतो, झालं. तो समाधानाने जातो. पत्र मात्र कुठेही गेलेलं नसतं, माझ्या कोपरापाशी पडलेलं असतं. दुपारी शिपाई गठ्ठा करून नेतो तेव्हा ते खरं जातं. आणि दुसरा नियम असा की पक्की प्रत रवाना झाली की कच्ची प्रत त्याच क्षणी फाडायची, नाहीतर दोन प्रती दोन टेबलांवर फिरतात आणि चौकशी लागते. एकतीस वर्षांत माझ्या टेबलावर रवाना पत्राची कच्ची प्रत कुणाला सापडली नाही. हा हात त्या सवयीचा आहे.

तर त्या सोमवारी मी कॉम्प्युटरसमोर बसलो. त्यात मागल्याच महिन्यात दुकानदाराने भरपूर मेमरी वाढवून दिली होती. मी पेन ड्राइव्ह खोचला, पुस्तक त्यावर टाकलं, आणि बारक्या, ती हिरवी पट्टी सर्रकन या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. अकरा वर्षांचं काम, चहाचा एक घोट घेईपर्यंत झालं. मी चाटच पडलो. मनात म्हटलं, वा रे मेमरी! पेन ड्राइव्ह उपसला. मग कॉम्प्युटरवर पाहतो तर मामीच्या प्रतीच प्रती, एक 'अंतिम', एक 'अंतिम सुधारित', एक 'खरंच अंतिम'. माझ्यातला जावक कारकून जागा झाला. पक्की प्रत रवाना झाली होती. मी सगळ्या कच्च्या प्रती पुसल्या, वर ती कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, आणि मामी खूश होईल म्हणून शीळ घालत उठलो.

मंगळवारी प्रकाशकाकडे गेलो. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्याची खोली, पुस्तकांच्या गठ्ठ्यांमुळे बसायला जागा नाही, म्हणून मी एका गठ्ठ्यावरच टेकलो. त्याने पेन ड्राइव्ह लावला. धडा पहिला, धडा दुसरा, पार तेविसाव्यापर्यंत नावं ओळीने दिसली. मी पाय हलवत बसलो होतो. त्याने पहिला उघडला, रिकामा. दुसरा, रिकामा. आकृत्या, रिकाम्या. तेविसाव्यापर्यंत त्याने शांतपणे उघडून पाहिलं (पाचव्यानंतरच थांबला असता तर काय बिघडलं असतं?), मग चष्मा काढून मला म्हणाला, "काका, लिफाफे सगळे आलेत, पत्रं आत घालायची राहिली." जावक विभागाच्या माणसाला हे ऐकावं लागलं! महिनाअखेरीपर्यंत आणा, नाहीतर मी दुसरं पुस्तक हातात घेतो, असं तो म्हणाला. जिना कसा उतरलो ते आठवत नाही. घरी मामीने विचारलं, दिलं का? मी म्हटलं, दिलं. (हे खोटं नाही. पेन ड्राइव्ह दिलाच होता.)

मग मी तुला त्या मित्राचा फोन केला, आणि खरा धक्का मला तिथे बसला. आजवर आम्हा सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की तू कॉम्प्युटरच्या गाभ्यात, ज्याला तुम्ही कर्नेल म्हणता त्यात, काहीतरी महत्त्वाचं करतोस. तुझी आई तर ते कर्नेल प्रकरण सांगताना आवाज खाली आणते. काय करतोस ते त्या दिवशी कळलं. तू म्हणालास, डिस्क किंवा पेन ड्राइव्ह बिचारे हळू लिहितात, मेमरी भराभर घेते. म्हणून कर्नेल सगळा मजकूर आधी मेमरीत ठेवून घेतं, मागणाऱ्याला सांगून टाकतं की झालं, आणि मग सवडीने तो डिस्कवर नेतं. अरे! म्हणजे शिक्का आधी, शिपाई नंतर! एवढं शिकून, परीक्षा देऊन, सूटबूट घालून तुम्ही आमचा जावक विभाग काढलात!

वर तू थंडपणे सांगतोस की मेमरीत थांबलेल्या, अजून डिस्कवर न उतरवलेल्या पानांना तुमच्यात डर्टी म्हणतात. मळकी पानं! मामी कापडाला हात लावण्याआधी साबणाने हात धुते, शिकायला आलेल्यांनाही धुवायला लावते, आणि तिची पानं तुमच्या खात्यात मळकी? हे तिला कधी सांगू नकोस. बाकीचं एकवेळ ती माफ करेल.

पुढे तू तुझं स्वतःचं काम सांगितलंस. ही मळकी पानं मेमरीत किती साठू द्यायची, याची हद्द ठरवणं. थोडी साठली की गुपचूप न्यायला सुरुवात करायची, फारच साठली तर जो लिहितोय त्यालाच अडवायचं. मी विचारलं, अडवायचं म्हणजे काय करता? तू म्हणालास, त्याला थोडा थोडा वेळ झोपवतो. बारक्या, त्यासाठी तुला एवढा पगार? आमच्या खात्यात हे कुणीही न सांगता होतं. आणि ती हद्द पूर्वापार मेमरीच्या हिश्शात मोजतात, म्हणजे जितकी मोठी मेमरी तितकी जास्त मळकी पानं, मग पुढचा पेन ड्राइव्ह गोगलगाय का असेना! म्हणजे मी ज्या मेमरीला वा रे म्हटलं, तिनेच माझा घात केला. तिने ट्रे एवढा मोठा केला की मामीचं सगळं पुस्तक त्यात मावलं, पट्टी सर्रकन गेली, आणि शिपाई निघायच्या आत मी पेन ड्राइव्ह उपसला. पेन ड्राइव्हच्या वेगाकडे पाहून हद्द ठरवावी, त्यावरच तुम्ही लोक खपताय, असंही तू म्हणालास. छान. जरा लवकर खपला असतात तर!

मी चिडून विचारलं होतं, मग खोटं बोलता कशाला, झाल्यावरच झालं म्हणा ना. तू म्हणालास, तसं केलं तर प्रत्येक जण डिस्कची वाट बघत बसेल आणि सगळं मशीन रखडेल. ते मला पटलं. कारण आमच्याकडे एकदा शिपाई चार दिवस रजेवर होता तेव्हा कुणाचंही काम अडलं नाही, सगळ्यांकडे शिक्के होते, फक्त एकही पत्र गेलं नाही. आणि एका साहेबांचा बदलीचा हुकूम रवाना होऊन दोन वर्षांनी कपाटामागे सापडला. तोवर साहेब तिथेच सुखाने नांदत होते, मुलीचं लग्नसुद्धा त्यांनी तिथूनच लावलं. त्या वेळी मी पोट धरून हसलो होतो. आता तो हुकूम डोळ्यासमोरून हलत नाही.

शेवटी तू म्हणालास की पुसलेला मजकूर लगेच नाहीसा होत नाही, त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं की जातो. म्हणून तुमच्या मित्राला सांगा, कॉम्प्युटर सुरूसुद्धा करू नका. झालं, तेव्हापासून मी त्या मशीनवर पहारा देतोय. मामीला सांगितलं, प्लगमध्ये बिघाड आहे, हात लावशील तर झटका बसेल. तिने लगेच इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने टेस्टर लावला आणि तोंड उघडणार, तेवढ्यात मी मामीच्या पाठीमागून त्याला हात जोडले. भला माणूस. तीन आठवडे प्लग वाळू द्या म्हणाला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, प्लग ठणठणीत आहे. तुम्हीच जरा डॉक्टरला दाखवा." म्हणून ईमेल नाही, हे पत्र. फोनवर कबुली द्यायला तर जीभच उचलत नाही.

आणखी एक सांगतो, हसू नकोस. जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसात पाठकोऱ्या कागदांवर मामीचं पुस्तक आठवेल तसं लिहून काढतोय. तू आलास आणि काही सापडलं नाही तर निदान हातात काहीतरी असावं म्हणून. वर्तमानपत्राआडून ऐकलेलं किती आठवणार, असं मलाही वाटलं होतं. पण लिहायला बसलो तर तिच्या आवाजात ओळीच्या ओळी यायला लागल्या. मुंढा झाला. अस्तर झालं. बाहीत जरा अडलो. पहिला धडा तर जवळजवळ जसाच्या तसा आला. त्याची सुरुवातच अशी आहे की मशीन पूर्ण थांबून सुई वर आल्याशिवाय कापड ओढायचं नाही, ओढलं तर दोराही जातो आणि कापडही. हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि पेन खाली ठेवलं.

असो. सर्वांना यथायोग्य सांग. पाठीला शेक घे.

तुझा,
हादरलेला मामा

ता. क. पत्राचं कारण लिहायचं राहिलंच. महिनाअखेरीच्या आत दोन दिवस रजा काढून ये. सहज आलो म्हणून सांग. मामी क्लासमध्ये असताना मशीन उघडू आणि सापडेल तेवढं काढू.

ता. क. २. आणि काही सापडलं नाही तर दोष तू अंगावर घे. कर्नेलनेच गिळलं, आमच्याच खात्याची चूक, असं सांग. ते तसं अगदीच खोटंही नाही. तू लांब राहतोस, मामीचा लाडका आहेस, तुला ती एक दिवस बोलेल. मला इथेच राहायचंय.

ता. क. ३. वरचं लिहून पाच दिवस झाले. आज ऑफिसात तुझ्या उत्तराची वाट पाहत होतो, इतक्यात कोटाच्या आतल्या खिशात हात गेला तर हे पत्र तिथेच. पाकीट बंद करून, पत्ता लिहून, मनातल्या मनात शिक्का मारून मी मोकळा झालो होतो! माझ्यावर माझाच विश्वास राहिला नाही. आज संध्याकाळी नक्की टाकतो.

ता. क. ४. बारक्या, मी मामी. हे पत्र कोटाच्या खिशात सापडलं, शेवटच्या ता. क. लाही तीन दिवस झालेत, कारण कोट तेव्हापासून खुंटीवरच आहे. कोट इस्त्रीला घेतला की मी खिसे उलटे करते, एवढं ह्यांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

पुस्तक सुखरूप आहे, घाबरू नकोस. ह्यांनी "दे इकडे" म्हटलं त्याच्या आदल्या दिवशीच मी एक प्रत दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घालून बटणांच्या डब्यात ठेवली होती. पट्टी मलाही सर्रकन गेलेली दिसली. पण मशीन एवढ्यात थांबलं असेल असं मला वाटेना, म्हणून काढण्याआधी रीतसर बंद केलं आणि दिवा विझेपर्यंत बसून राहिले. बुधवारी प्रकाशकाचा मला फोन आला, गुरुवारी मी स्वतः नेऊन दिलं, त्याच्यासमोर तेवीसही धडे उघडून पाहिले. आता ते छपाईला गेलंय. इलेक्ट्रिशियनला घरी परत बोलावून चहाही पाजला, बिचाऱ्याला खोटं बोलायला लागलं होतं.

ह्यांना मी यातलं काही सांगितलेलं नाही, आणि तूही सांगू नकोस. डब्याच्या पिशवीत मला ते पाठकोरे कागद सापडले. परवा हे पिशवी घरीच विसरून ऑफिसला गेले तेव्हा मी सगळे वाचले. एकोणचाळीस पानं. बाहीचा घेर उलटा लिहिलाय, अस्तर अर्धा इंच चुकलंय, बाकी शब्द न शब्द माझा आहे. अकरा वर्षं मी समजत होते की मी वर्तमानपत्राला वाचून दाखवतेय. कागद जागच्या जागी ठेवले आणि तोंडावर पाणी मारून आले.

तेव्हा एवढंच कर. रजा काढू नकोस, फोन करू नकोस. हे पत्र मीच पेटीत टाकेन आणि आत पडल्याचा आवाज ऐकूनच मागे वळेन. खिसा रिकामा दिसला की ह्यांना वाटेल आपणच टाकलं. उत्तर मात्र अगदी सावकाश पाठव. हे आता कुठे कॉलरवर आलेत, काजं-बटणं अख्खी राहिली आहेत.